आईच्या रिपोर्टमधले सगळे 'आर'

मागच्या वर्षी गणपती गेले आणि दोनच दिवसांत आईला उन्हाळी लागली. हा शब्द आता फारसा कोणी वापरत नाही, सगळे यूटीआय म्हणतात, म्हणजे लघवीचं इन्फेक्शन, पण आमच्याकडे अजून उन्हाळीच लागते, अगदी भर पावसातसुद्धा. आई साताऱ्याला एकटी राहते, वय ७१, शुगर पंधरा-सोळा वर्षं जुनी, आणि मी डोंबिवलीत, त्यामुळे तिची सगळी दुखणी मला फोनवरच कळतात आणि ती पण अर्धीच. "काही नाही गं, धने-जिऱ्याचं पाणी घेतेय, बसेल दोन दिवसांत." दोन दिवसांनी विचारलं तर म्हणाली मेडिकलमधून गोळी आणली. कुठली? "तीच गं, मागच्या वेळची." मी म्हटलं बरं. खरं सांगते, तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही, कारण मी पण तेच करायचे.

चौथ्या रात्री शेजारच्या काकूंचा फोन. थंडी वाजून ताप, हुडहुडी एवढी की तीन गोधड्या टाकल्या तरी दात वाजतायत, उलट्या, आणि पाठीत एका बाजूला हात लावू देत नाहीये. काकूंच्या मुलानेच गाडी काढून दवाखान्यात नेलं, मी सकाळी पोचले तोवर सलाईन लागलेलं होतं आणि आई मलाच सांगत होती की अगं एवढ्यासाठी रजा कशाला काढलीस.

डॉक्टर बाई वयाने लहान होत्या, तिशीच्या आसपास, पण एकदम शांत. त्यांनी विचारलं, "आजी, इथे यायच्या आधी काय काय घेतलंत?" आई म्हणाली, "फार काही नाही, एक पांढरी गोळी." किती दिवस? "तीन. नाही, दोन. एक दिवस विसरले." डॉक्टरांनी काही न बोलता लिहून घेतलं. लघवी कल्चरला आधीच पाठवली होती, अँटिबायोटिकचं पहिलं इंजेक्शन द्यायच्या आधी, हे मला नंतर समजलं की किती महत्त्वाचं असतं, कारण एकदा औषध गेलं की जंतू प्लेटवर नीट उगवत नाहीत आणि मग अंधारात तीर मारत बसावं लागतं. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस जातात, ते घाई करून होत नाही, जंतू वाढायला वेळ लागतो तेवढा लागतोच, मग वेगवेगळी औषधं समोर ठेवून बघतात की हा कशाला दबतोय.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. वर लिहिलेलं ई कोलाय, खाली औषधांची यादी, आणि प्रत्येकासमोर एक अक्षर. एस असेल तर औषध लागू पडतं, आर असेल तर जंतू त्याला दाद देत नाही. मी बोट ठेवत खाली जायला लागले. अँपिसिलिन आर. सिप्रोफ्लोक्सॅसिन आर. सेफिक्झीम आर. सेफ्ट्रियाक्झोन आर, हे तर पहिले दोन दिवस तिला शिरेतून चालू होतं! को-ट्रायमोक्साझोल आर. मी शाळेत मुलांचे पेपर तपासते, लाल शेऱ्यांची मला सवय आहे, पण हा असला निकाल पहिल्यांदा बघितला, आणि यात नापास झालेली आई नव्हती, औषधं होती.

एस होते, नाही असं नाही. नायट्रोफ्युरँटॉइन एस, फॉस्फोमायसिन एस. मी आनंदाने म्हटलं मग हे द्या ना, ह्या तर गोळ्या-पावडरी आहेत. डॉक्टर म्हणाल्या ही औषधं लघवीत जमा होतात, मूत्राशयातल्या इन्फेक्शनला उत्तम, पण आजींचं आता किडनीपर्यंत गेलंय, ताप त्याचाच आहे, तिथे ही पुरेशी पोचत नाहीत. अमिकासिन एस होतं, पण ते किडनीला त्रास देऊ शकतं आणि आईचं क्रिएटिनीन (किडनी किती चालते ते दाखवणारा रक्तातला आकडा) आधीच वर. उरला कार्बापेनेम नावाचा औषधांचा गट. त्यातलं एर्टापेनेम नावाचं इंजेक्शन, दिवसातून एक, शिरेतून, सात दिवस. "हे आपल्या शेवटच्या फळीतलं आहे, लागू पडेल. पण याच्यापुढे फार काही शिल्लक नाही हे लक्षात ठेवा," एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या. मला ते वाक्य बिलापेक्षा जास्त लागलं (आणि बिल काही कमी नव्हतं).

दवाखान्यात रात्री करायला काही नसतं. स्टूलवर बसून मी मोबाईलवर वाचत बसले. कार्बापेनेमचे तुकडे करणारं एक एन्झाइम काही जंतूंकडे असतं, त्याचं नाव एनडीएम, म्हणजे त्यातलं एनडी हे चक्क न्यू दिल्ली. २००८ मध्ये स्वीडनमध्ये एका भारतीय वंशाच्या पेशंटकडे सापडलं, तो आधी दिल्लीच्या हॉस्पिटलात राहून गेलेला. २०१० मध्ये त्यावरून आपल्याकडे केवढा गदारोळ, राजधानीचं नाव बदनाम करतात म्हणून. नावावर भांडण झालं आणि जंतू तिकडे आरामात पसरत राहिला. आईच्या रिपोर्टमध्ये मेरोपेनेम आणि एर्टापेनेमसमोर एस होता म्हणून मी ही गोष्ट आज ब्लॉगवर लिहितेय, तिथेही आर असता तर काय झालं असतं हा विचार मी तेव्हाही पूर्ण केला नव्हता आणि आत्ताही करत नाही.

२०१९ या एका वर्षात जगात १२.७ लाख माणसं थेट अशा औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे गेली असा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अंदाज आहे. कोविडच्या आधीचं वर्ष बरं का. त्या वर्षी आपण यावर किती बोललो होतो? मी तरी एक शब्द नाही.

मला एक प्रश्न सतावत होता की आईने आयुष्यात सेफ्ट्रियाक्झोनचं इंजेक्शन कधी घेतलेलं नाही, मग त्याला आर कुठून? डॉक्टरांनी राउंडला आल्यावर समजावलं, आणि त्यातून मला जे कळलं ते माझ्या भाषेत असं. ई कोलाय काही बाहेरून आलेला चोर नाही, तो आपल्याच आतड्यात राहतो, बहुतेक वेळा उन्हाळीचे जंतू तिथूनच आलेले असतात. आपण सर्दीसाठी, घशासाठी, जुलाबासाठी जी काही अँटिबायोटिकं घेतो ती फक्त घशात जाऊन थांबत नाहीत, आतड्यातल्या सगळ्या वस्तीवरून नांगर फिरवतात. मरायचे ते मरतात, त्यात आपल्याला उपयोगी पडणारे पण असतात, आणि ज्यांच्याकडे वाचायची युक्ती आहे ते उरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत पसरतात. आणि ही युक्ती ते स्वतःपुरती ठेवत नाहीत. शेजारणी कशा वाटीतून एकमेकींना विरजण देतात, तसं हे जंतू जनुकांचं छोटं गाठोडं एकमेकांना देतात, वेगळ्या जातीच्या जंतूलासुद्धा, आणि एकाच गाठोड्यात चार-पाच औषधांवरच्या युक्त्या एकत्र असू शकतात. म्हणजे तुम्ही सेफिक्झीम घेतलीत, आणि हातात पडलेल्या गाठोड्यात सिप्रोची युक्ती फुकट आली. म्हणून न घेतलेल्या औषधाला पण आर.

आईला डिस्चार्ज मिळाला, घरी आलो, आणि मी तिचा औषधांचा डबा काढला. श्रीखंडाचा प्लास्टिकचा डबा, कुठला असणार दुसरा. त्यात शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या सोडून अकरा अर्धवट स्ट्रिपा निघाल्या. अझिथ्रोमायसिन ५०० च्या तीनपैकी एक उरलेली. सेफिक्झीम २०० चार. नॉरफ्लॉक्स आणि टिनिडाझोल एकत्र असलेली, जुलाबासाठी, दोन. अमॉक्सी-क्लॅव्ह, माझ्या दाढेच्या वेळची, म्हणजे माझीच, मी तिथे राहायला आले होते तेव्हा बरं वाटल्यावर सोडून दिलेली आणि आईने "फेकायची कशाला, महाग आहे" म्हणून ठेवलेली आणि नंतर कधीतरी घेतलेली. सगळ्यांच्या पाठीवर एक उभी लाल रेघ. मी विचारलं, आई ही रेघ कसली माहितीय? म्हणाली, "मला वाटलं डिझाइन आहे."

ती रेघ म्हणजे हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, केंद्र सरकारने २०१६ मध्ये त्याची मोहीम पण काढली होती. त्याच्या आधी १ मार्च २०१४ पासून एच-वन नावाची यादी लागू झाली, सेफिक्झीमसारखी औषधं त्यात आहेत, विकताना मेडिकलवाल्याने वेगळ्या रजिस्टरमध्ये पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती गोळ्या हे लिहून ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं असतं. कागदावर एकदम कडक. आणि आमच्याकडे "दोनच द्या, बघते बरं वाटतंय का" म्हटलं की कात्रीने स्ट्रिप कापून दोन मिळतात. मी मेडिकलवाल्याला एकट्याला दोष देणार नाही, कारण चिठ्ठी मागितली तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं, आणि ते गिऱ्हाईक कोण तर मीच. २०१९ मध्ये आपल्या खासगी बाजारात सगळ्यात जास्त खपलेली अँटिबायोटिक गोळी कुठली तर अझिथ्रोमायसिन ५००, तिच्यामागे सेफिक्झीम २००. आमचा श्रीखंडाचा डबा म्हणजे भारताच्या बाजाराचं छोटं मॉडेलच निघाला.

पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने हे सगळं आधीच सांगून ठेवलं होतं. १९४५ च्या नोबेल भाषणात त्याने एका काल्पनिक माणसाची गोष्ट सांगितली, घसा दुखतो म्हणून तो स्वतःच पेनिसिलिन विकत आणतो, जंतू मरायला पुरेसं घेत नाही पण त्यांना शहाणं करायला पुरेसं घेतो, मग तेच जंतू बायकोला होतात, न्यूमोनिया होतो, औषध चालत नाही आणि ती जाते. पेनिसिलिन लोकांच्या हातात नीट पडायच्या आधीचं हे भाषण. गोष्टीत आईच्या जागी बायको आहे एवढाच काय तो फरक.

आता खरा विषय. आई घरी आल्यावर भेटायला येणाऱ्यांनी जो सल्ला द्यायला सुरुवात केली त्यावर मला हा लेख लिहावासा वाटला. प्रत्येकाचं एकच, "इम्युनिटी कमी झालीय, इम्युनिटी वाढवा." एकीने गुळवेलीचा काढा आणला, एकाने कसल्याशा गमी, आतेभावाने तर हजारेक रुपयांची बाटली, त्यावर ढालीचं चित्र. सगळे प्रेमाने आणणारे, त्यांना काय बोलणार. आणि विचार म्हणून चूक पण नाही ना, औषधं चालेनाशी झाली तर शरीराचं स्वतःचं सैन्य मजबूत पाहिजे, हे कुणालाही पटेल. मला पण पटलं होतं. मी डॉक्टरांना फॉलोअपला गेल्यावर तसंच विचारलं, की इम्युनिटी वाढवायला काय देऊ.

त्या म्हणाल्या, "कुठली?"

मी गप्प. मला वाटायचं इम्युनिटी एक असते, रेडिओच्या आवाजासारखी, बटण फिरवलं की वाढते. मग त्यांनी माझ्याच मावशीचं उदाहरण दिलं, ती सोबत आली होती. मावशीला आमवात आहे, बोटं वाकडी झालीयत, तिला आठवड्यातून एकदा गोळी असते ती प्रतिकारशक्ती दाबायची. कारण तिचं सैन्य तिच्याच सांध्यांवर चालून गेलंय. तिची "वाढवली" तर? आणि मावशी काय करत होती, दाबायची गोळी रविवारी आणि वाढवायचा काढा रोज सकाळी, कोविडपासून. डॉक्टरांनी तो तिथल्या तिथे बंद करायला लावला. कोविडच्या काळात रोज गुळवेल पिणाऱ्या काही लोकांना लिव्हरला सूज येऊन कावीळ झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापलं होतं, त्यातल्या काहींना थायरॉइडसारखे स्वतःच्या प्रतिकारशक्तीने केलेले आजार होते. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, वाद झाला. मी त्या वादात पडत नाही, माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या गोष्टीत औषधाची ताकद आहे ती रोज कपभर पिण्याची गोष्ट नाही, आणि ताकद नसेल तर पिऊन फायदा नाही.

पण मग काहीच करायचं नाही का? तर तसं नाही, आणि इथे मला एक गोष्ट नव्याने कळली. अँटिबायोटिक एकटं कधीच लढत नाही. अझिथ्रोमायसिनसारखी बरीच औषधं जंतूला थेट मारण्यापेक्षा त्याची वाढ अडवतात, उरलेलं काम आपल्या पांढऱ्या पेशींनी करायचं असतं. ज्याच्या पेशी थकलेल्या त्याला एस असलेलं औषध पण पुरत नाही. आणि आईच्या पेशी का थकल्या होत्या? तीन महिन्यांच्या शुगरचा रिपोर्ट ९.४. रक्तात साखर एवढी चढलेली असते तेव्हा जंतू गिळणाऱ्या पेशी मंदावतात, आणि लघवीत साखर उतरली तर जंतूंना आयतं जेवण. म्हणजे आमच्या घरात इम्युनिटी वाढवायची म्हणजे आधी सकाळच्या चहातली दोन चमचे साखर आणि दुपारचं "थोडंसंच" गोड बंद करायचं. बाटलीवर ढालीचं चित्र काढता येईल असं यात काही नाही.

दुसरं सांगितलं ते पाणी. यावर २०१८ मध्ये छापलेला एक प्रयोग आहे, वारंवार उन्हाळी लागणाऱ्या १४० बायका घेतल्या, निम्म्यांना रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायला लावलं, वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. त्या बायका पाळी चालू असलेल्या वयाच्या होत्या, आईच्या वयाच्या नव्हेत, आणि किडनी-हृदयाचा त्रास असेल तर पाणी डॉक्टरांना विचारूनच वाढवायचं, पण दिशा तरी कळते. आजीच्या काळापासूनच्या धने-जिऱ्याच्या पाण्यात धन्याचा गुण किती आणि पाण्याचा किती देव जाणे, मी पाण्याला जास्त मार्क देईन. आणि तिसरं, पाळी गेल्यानंतर तिथली त्वचा पातळ होते, तिथले चांगले जंतू कमी होतात, त्यासाठी इस्ट्रोजेनचं क्रीम असतं, योनीत लावायचं, त्याने उन्हाळी परत परत लागणं कमी होतं. हे आईला सांगताना मीच लाजले, ती नाही लाजली. "एवढं साधं होतं तर दहा वर्षांत एकाने तरी सांगायचं," म्हणाली. दहा वर्षांत तिने विचारलं होतं कुणाला, तर मेडिकलवाल्याला.

जेवणाचं म्हणाल तर मला सगळ्यात आवडलेली गोष्ट झारखंडची आहे. टीबी हा रेझिस्टन्सचा (म्हणजे जंतूंनी औषधाला दाद न देण्याचा) आपल्या देशातला सगळ्यात जुना, सगळ्यात मोठा घाव, मुंबईला तर तो चांगलाच माहीत आहे, २०११-१२ मध्ये इथल्याच डॉक्टरांनी कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या टीबीचे पेशंट दाखवले होते तेव्हा दिल्लीपर्यंत खळबळ झाली होती. तर झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टीबी पेशंटच्या घरातल्या दहा हजारांवर माणसांना गटात विभागलं. एका गटाला महिन्याला माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या. बस. दुसऱ्या गटातल्या घरच्यांना हे नाही (पेशंटला सगळीकडेच मिळालं). धान्य मिळालेल्या घरांत नवीन टीबी ३९ टक्के कमी झाला, आणि फुप्फुसाचा पसरणारा टीबी तर ४८ टक्के. मी हे वाचून दोनदा परत वाचलं. तांदूळ आणि डाळ! ज्याला टीबी झालाच नाही त्याला टीबीची औषधं लागत नाहीत, आणि जे औषध वापरलंच नाही त्याला जंतू सरावत नाही. पण यातली मेख पण बघायला हवी, हा फायदा उपाशी, हडकुळ्या माणसांना पोटभर जेवण मिळाल्याचा आहे. माझ्यासारख्या खाऊनपिऊन सुखी बाईने वर आणखी दीड किलो डाळ खाल्ली तर इम्युनिटी नाही, गॅस होतील.

आणि लस. इथे आईशी माझं भांडण झालं, कारण तिच्या मते लसी लहान मुलांना असतात. मला विचाराल तर इम्युनिटी वाढवण्याचा शंभर टक्के खरा अर्थ लस हाच आहे, बाकी सगळं इम्युनिटी बिघडू न देणं आहे. सैन्याला शत्रूचा फोटो आधीच दाखवून ठेवायचा. आणि गंमत अशी की जंतूने अँटिबायोटिकविरुद्ध कितीही युक्त्या जमवल्या तरी लसीने तयार झालेल्या प्रतिकाराला त्याचं काही नसतं, तो प्रतिकार जंतूला चेहऱ्यावरून ओळखतो, त्याच्या खिशात काय आहे ते बघत नाही. पाकिस्तानात सिंधमधल्या हैदराबादेत २०१६ च्या शेवटी असा टायफॉइड सुरू झाला की नेहमीची जवळजवळ सगळी औषधं निकामी, गोळ्यांमध्ये फक्त अझिथ्रोमायसिन चालायची. तीच, जी आपण सर्दीला खातो. २०१९ मध्ये त्यांनी टायफॉइडची नवी लस सिंधमधल्या मुलांना द्यायला सुरुवात केली आणि नंतर ती नेहमीच्या लसीकरणात घेतली. आपल्याकडे त्याच्या आदल्याच वर्षी, २०१८ मध्ये, नवी मुंबई महापालिकेने ९ महिने ते १४ वर्षांच्या लाखाहून जास्त मुलांना ही लस टोचली होती, सरकारी पातळीवर अशी मोहीम जगात पहिलीच. माझी भाची तेव्हा कोपरखैरणेला होती, तिला मिळाली होती, आणि आम्ही घरचे तेव्हा काय बोलत होतो तर "कशाला उगाच सुई, टायफॉइडला गोळ्या आहेत की."

फ्लूचा पण तोच हिशोब. फ्लू व्हायरस आहे, त्याला अँटिबायोटिक लागू पडतच नाही, पण फ्लू झाला की ताप, ताप आला की अझिथ्रो, आणि म्हाताऱ्या माणसाला फ्लूच्या मागोमाग खरा न्यूमोनिया झाला तर परत शिरेतलं इंजेक्शन. म्हणून फ्लूची दरवर्षी आणि न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धची न्यूमोकोकल अशा दोन्ही लसी आईला दिल्या. मोठ्यांना त्या बहुतेक वेळा विकत घ्याव्या लागतात, आणि सगळ्यांना परवडतील असं नाही, हे मला टोचतं. लहान मुलांच्या वेळापत्रकात न्यूमोकोकल लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये देशभर, तेवढं चांगलं झालं.

झोपेचं मात्र सगळं माझ्यावर शेकलं. एका प्रयोगात १६४ धडधाकट लोकांच्या नाकात सर्दीचा व्हायरस थेंबाने सोडून बघितलं, तर सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी व्हायची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांपेक्षा चौपटीहून जास्त निघाली. मी पाच तास झोपते. पहाटे उठून डबे, मग ती सातची फास्ट, रात्री पेपर तपासणी, आणि मग सतत घसा धरतो, आणि मग शाळेत उभं राहून बोलायचं असतं म्हणून अझिथ्रो, वर्षातून चार-पाच वेळा तरी. मी इतकी वर्षं समजत होते की तीन गोळ्यांनी मी बरी होते. डॉक्टर म्हणाल्या तुमची सर्दी तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतेच, गोळी फक्त त्याच वेळी तिथे असते आणि श्रेय घेऊन जाते. खोकल्याचं तर आणखी मजेशीर, लोकांना वाटतं खोकला आठवडाभरात जायला हवा, प्रत्यक्षात साध्या सर्दीनंतरचा खोकला सरासरी अठरा दिवस टिकतो. आठव्या दिवशी आपला धीर सुटतो आणि आपण मेडिकलमध्ये जातो. दम लागला, ताप उतरेना, थुंकीत रक्त, दोन आठवड्यांवर खोकला आणि वजन कमी होतंय, तर अर्थातच डॉक्टर, टीबी पण बघायचा, ते वेगळं. पण साधा खोकला म्हणजे नुसतं मोजत बसायचं काम आहे.

नुसतं "कोर्स पूर्ण करा" हे पण आता तेवढं सरळ राहिलेलं नाही बरं का, मला वाटायचं जितके जास्त दिवस तितकं चांगलं, पण मूत्राशयातल्या साध्या उन्हाळीला फॉस्फोमायसिनची एकच पुडी असते, नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस. जेवढं सांगितलंय तेवढं, आपल्या मनाने तोडायचं नाही आणि आपल्या मनाने लांबवायचं पण नाही. आणि नवीन औषध येईल की, असं म्हणणाऱ्यांसाठी, न्यूमोनियासाठीची नाफिथ्रोमायसिन नावाची आपल्याच देशात तयार झालेली गोळी नुकतीच आली, त्यामागे चौदा वर्षांचं काम आहे. चौदा वर्षं. जंतूला तेवढ्यात किती पिढ्या होतात याचा हिशोब करू नका, ई कोलायला अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटं पुरतात.

श्रीखंडाचा डबा मी रिकामा केला. त्या गोळ्या कचऱ्यात किंवा बेसिनमध्ये टाकायच्या नाहीत, पाण्यात-मातीत जाऊन तिथले जंतू पण शिकतात, म्हणून दवाखान्याच्या औषधांच्या कचऱ्यात द्यायच्या असं ठरवलं. दोन ठिकाणी घ्यायला नाही म्हणाले. तिसरीकडे घेतल्या, ते पण तोंड वाकडं करून. आतेभावाची ढालवाली बाटली अजून फ्रिजवर आहे, तो आला की दिसावी म्हणून.

आईची तीन महिन्यांची शुगर आता ७.३ आहे, आठ महिन्यांत एकदा उन्हाळीसारखं वाटलं तर स्वतःहून कल्चरला लघवी देऊन आली आणि मग मला फोन केला. रिपोर्ट निल आला, जंतू उगवलेच नाहीत. जळजळ दोन दिवसांत पाण्याने गेली.

आणि मागच्या महिन्यात मला सर्दी झाली, मग खोकला, तोच, शाळेत बोलताना ठसका लागणारा. नवव्या दिवशी मी पर्समधून पैसे काढून मेडिकलच्या पायरीपर्यंत जाऊन परत आले, लिमलेटच्या गोळ्या घेतल्या फक्त. आईने भिंतीवरच्या कालनिर्णयात माझा खोकला सुरू झाल्याच्या तारखेवर गोल करून ठेवलाय, रोज संध्याकाळी फोन.

"आज कितवा?"

"चौदावा."

"मग अजून चार आहेत. झोप आता, पेपर उद्या तपास."